चुकलंबाईंचा पाचवा धडा

चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक आधी लावायचे, मगच माणसाला हात लावायचा. चालता चालता बाई हे तिसऱ्यांदा बोलल्या आणि वहिनीने तिसऱ्यांदा ‘हो’ म्हटलं. निम्मा रस्ता मागे पडला होता. दोन बसेस मागून येऊन पुढे निघून गेल्या, पण बाईंनी हात केला नाही.

“वन्सं, गुडघे दुखतायत तुमचे. पुढची तरी पकडू या?”

“बसने लवकर पोचतं गं,” बाई म्हणाल्या. लवकर पोचायचं कुणाला होतं?

बाई म्हणजे वहिनीची थोरली नणंद. लोकांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांना सव्वीस वर्षं त्यांनी एका संस्थेत शिकवलं होतं. एक लांबट खोली, दोन खाटा, चाकाची एक खुर्ची आणि वाळू भरलेला एक कापडी बाहुला, एवढाच त्यांचा संसार. बाहुल्याला मुली ‘मामंजी’ म्हणत. खऱ्या सासऱ्यापेक्षा बरे, म्हणत, बोलून दाखवत नाहीत.

बाईंची शिकवायची रीत उफराटी होती. त्या आधी मुद्दाम चुकायच्या. ब्रेक न लावता मामंजींना उचलायच्या, खुर्ची मागे सरकायची, मामंजी धपकन खाली. मग हाताची घडी घालून गप्प उभ्या. खोलीत चुळबुळ, खाकरणं, आणि शेवटी मागून कुणीतरी भीत भीत म्हणायचं, “बाई, चुकलं.” त्यावर बाईंचा चेहरा असा खुलायचा की पुढच्या वेळी सगळ्याच ओरडायच्या. म्हणून त्यांचं नाव चुकलंबाई पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

दीड वर्षापूर्वी संस्थेने वर्ग बंद केला. आता सगळं फोनवर. धड्यांची आखणी करायला एक तरुण मुलगी नेमली होती, चुणचुणीत, कानामागे पेन्सिल खोचणारी. तिने बाईंसमोर तीन रस्ते मांडले. एक, नीट क्रमाने करून दाखवायचं आणि शेवटी चार प्रश्न विचारायचे. दुसरा, एखाद्या घरातला प्रसंग सांगायचा आणि ‘तुम्ही काय कराल’ असं विचारत पुढे न्यायचं. तिसरा बाईंचा, आधी चूक आणि मग दुरुस्ती.

“बाई, पद्धत मागाहून ठरवू,” ती म्हणाली होती. “आधी शिकणारी कोण ते बघू. ती दोन घरची कामं करून, जिन्यात बसून पाच मिनिटं बघणार. नेट मध्येच जाणार. तिच्या शेजारी ‘चुकलं’ म्हणणारी कुणी नाही.”

“मी सव्वीस वर्षं शिकवतेय, पोरी.”

“म्हणूनच सांगतेय. वर्गात तुम्ही असता. इथे तुम्ही नसणार.”

बाईंना ते लागलं. कालची पोरगी आपल्याला आपलं काम शिकवते, एवढंच त्यांना ऐकू आलं. संस्थेच्या मोठ्या साहेबांकडे जाऊन त्यांनी आपलंच खरं केलं. धडे पाच मिनिटांचे हवेत, हा नियम होता, म्हणून पाचव्या धड्यात चूक आली आणि सहाव्यात दुरुस्ती. फक्त पडण्याचं तेवढं गाळलं. मामंजी तेव्हा फाटले होते, म्हणून साहेबांची भाची खुर्चीत बसली, आणि तिला कसं पाडणार? तर पाचव्या धड्यात बाई ब्रेक न लावता तिला अलगद बसवतात, कॅमेऱ्याकडे बघून मिनिटभर गप्प राहतात, आणि धडा संपतो. धडा संपला की नावापुढे हिरवी खूण उमटते.

एका मुलीने पाचवा धडा पाहिला, खूण मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी तिला काम लागलं. सहावा बघायचा राहून गेला. आठवड्याच्या आत तिच्या हातून एका म्हाताऱ्या गृहस्थांची खुर्ची सरकली आणि त्यांचा खुबा मोडला. कामावर पाठवणाऱ्यांनी तिला काढून टाकलं. ती म्हणत राहिली, “बाईंनी दाखवलं तसंच केलं.” कुणी खरं मानलं नाही. बाईंनी मानलं. म्हणून आज बाई त्या गृहस्थांच्या घरी निघाल्या होत्या. चूक मुलीची नाही असं दोन ओळींत लिहून घ्यायचं आणि तिला कामावर परत घ्यायला लावायचं, एवढंच मनात होतं.

“देवाला ठाऊक आहे ना, तुमच्या मनात काय होतं ते,” वहिनी म्हणाली. सकाळी निघताना तिने देवापुढे हात जोडून तेच मागितलं होतं.

“देवाला असेल गं. त्यांच्या खुब्याला नव्हतं.”

दार सुनेने उघडलं. बाईंनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. सून भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

“आत या,” ती म्हणाली.

म्हातारबुवा भिंतीकडे तोंड करून पडले होते. खुर्ची कोपऱ्यात होती आणि तिच्यावर घड्या घातलेल्या चादरी रचल्या होत्या. सवयीने बाईंचा हात ब्रेककडे गेला. दोन्ही लावलेलेच होते.

“कोण आलंय?” म्हातारबुवांनी विचारलं.

“शिकवणाऱ्या बाई आल्यात, मामंजी.”

“उशीर केलात,” ते भिंतीकडेच बघत म्हणाले.

“डॉक्टर म्हणाले, आता चालणं नाही,” सून हलक्या आवाजात म्हणाली. “दोन ओळी मी लिहून देते, माझं काही जात नाही. पण देणार कुणाला? मीच गेले होते तिच्याकडे परवा. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, फोन विकून गेली, आणि आजारी माणसाला पुन्हा हात लावणार नाही असं सांगून गेली.”

तरी तिने लिहून दिलं. बाईंनी कागद चौघडी करून पिशवीत ठेवला.

परतताना बाई पुलावर कठड्याला टेकल्या.

“पाचवा धडा काढून टाकला ना आता?” वहिनीने विचारलं.

“संस्थेने काढला. पण नेट जातं म्हणून मुलींनी तो फोनमध्ये उतरवून घेतलाय. एकीने दुसरीला पाठवला, दुसरीने तिसरीला. ती पेन्सिलवाली म्हणाली, कुणाकुणाकडे गेलाय ते आता कळायचं नाही.” बाईंनी खालच्या रस्त्याकडे पाहिलं. “अजून कुठेतरी मी ब्रेक न लावता गप्प उभी आहे बघ. आणि कुणी म्हणत नाहीये, बाई, चुकलं.”

वहिनीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“तू महिला मंडळाच्या अंकात लिहितेस ना माणसांवर? मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय, म्हणजे माझ्यावर लिहिशीलच.”

“तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार, वन्सं.”

“लिही. पण आधी माझं कौतुक आणि खरं काय ते मागाहून, असं नको करूस. लोक पहिल्या चार ओळी वाचतात आणि अंक रद्दीत टाकतात. ब्रेकचं पहिल्या ओळीत लिही. बाकी माझं जे काय असेल, ते त्याच्या खाली.”