मामांची बाराची तोफ

दुपारचे बारा वाजले की मामा हातातलं काम टाकायचे, दोन्ही कानांत बोटं घालायचे आणि आ वासून उभे राहायचे. क्षणभरच. मग पुन्हा तराजूवर पोतं चढवायचे. नवं गिऱ्हाईक घाबरून माझ्याकडे बघायचं. मी सांगायचो, "तोफ उडाली." तोंड मिटलेलं राहिलं तर कानाचे पडदे फाटतात, म्हणून ही मामांची फौजेतली सवय.

सगळेच त्यांना मामा म्हणत; ते मूळचे पिशोर गावचे. पोलिस ॲक्शननंतर घरी न सांगता फौजेत भरती झाले आणि मुंबईच्या बंदरातल्या एका बेटावर तोफखान्यात पडले. परत आल्यावर वाळूज रस्त्यावरच्या माझ्या भंगाराच्या दुकानात वजन करायला लागले. मी छावणीत हातगाडी ढकलत वर आलेला माणूस. माझा कोणावर विश्वास नाही. तराजू मात्र मामांकडे होता.

बेटावर गोडं पाणी नव्हतं, बोटीनं यायचं. त्यामुळे मामांच्या हातून पाण्याचा थेंब सांडत नसे. कोणी पेल्यातलं उरलेलं फेकायला लागलं की ते पेलाच हिसकावून घेत. "चौफेर पाणी अन् प्यायला नाय. तू ऱ्हायला असतास तर कळलं असतं," म्हणत उरलेलं स्वतः पिऊन टाकत.

गोऱ्या साहेबानं रशिया येईल म्हणून बेटाचा खडक फोडून तोफा चढवल्या, असं ते सांगत. रशिया आला नाही. मग जपान येणार म्हणून नव्या आणल्या. तोही आला नाही. शेवटी साहेबच गेला. मामांच्या वाट्याला आलेली जुनी तोफ शहराला वेळ कळावी म्हणून रोज बाराला रिकामी उडायची. "माझ्या तोफंनं चिमणीसुदीक मारली नाय," हे ते छाती काढून सांगत.

पिशोरात मात्र कोणी खरं मानत नसे. बेटावर बाहेरच्याला बंदी, फोटोलाही बंदी. पारावर लोक विचारत, "काय मामा, बेट हाये का बुडालं?" सख्खा मुलगाही हसायचा.

पुढे बेट रिकामं झालं आणि तिथलं लोखंड लिलावात निघालं. ही बातमी सांगितली तर मामांनी माझा हात धरला. "शेठ, तेवढी तोफ आण. गावच्या वेशीत उभी करतो. मंग मी मेलो तरी चालंल."

लिलाव मुंबईच्या एका ठेकेदारानं घेतला होता. मी त्याच्याकडे अख्खी तोफ मागितली आणि जन्मात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. घासाघीस न करणाऱ्याला दिलेला शब्द कोणी पाळत नाही, हे त्या माणसानं मला शिकवलं.

बेटाकडे निघालेल्या बोटीत मामा फौजेतली जुनी टोपी घालून सगळ्यांच्या पुढे उभे होते. उतरलो, तर तोफेचे तुकडे ओळीनं रचलेले. धूड बोटीत चढेना, म्हणून तोफ गॅसनं कापली होती. मी ठेकेदाराची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, लोखंड तेच आहे. वजनात कमी भरलं तर बोला."

मामांनीच मला सोडवलं. "जाऊ दे रं. त्याला काय ठावं." मग त्यांनी तुकड्यांतून तोफेचं तोंड शोधलं आणि त्याच्याजवळ बसले. निदान एवढं तरी नेऊ, असं मी म्हणालो.

"नुसतं मुंडकं नेऊन काय करू? लोक अजून हसतील."

बारा वाजले. मी त्यांच्याकडे बघत होतो. मामांचे हात मांडीवरच राहिले. तोंड मिटलेलं.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. पिशोरला गेलो तर अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मुलगा रडकुंडीला आला होता. "आता आम्हीच बेटाचं इचारतो. तर म्हणतेत, कसलं बेट, मी थापा मारत होतो."

मी पारावर जाऊन ओरडलो, बेट आहे, मी त्यावर पाय ठेवून आलोय. एकजण म्हणाला, "भंगारवाल्याचं काय ऐकता." थंडीत मामा गेले.

आता बाराच्या सुमाराला सौदा चालू असला तर माझंच तोंड उघडं पडतं. समोरच्याला वाटतं, भाव ऐकून मी थक्क झालो; तो चटकन भाव उतरवतो. मी त्याला काही सांगत नाही.