तिसऱ्या खुणेचा पत्ता

मंगळवार पेठेत पेंडीचं दुकान चालवणाऱ्या प्रभुलिंगआप्पांचा जगात कशावर म्हणून विश्वास नव्हता. सरकी पेंडीचं पोतं आलं की ते स्वतः उसवायचे, कोपरापर्यंत हात आत घालून तळाची पेंड काढायचे आणि हुंगून बघायचे. वरची कितीही चांगली असो, खाली काहीतरी भरलेलं असणारच. बायको शिवम्मानं "जेवायला या" म्हणून हाक मारली, तरी हे आधी पातेल्यावरचं झाकण उचलून बघणार आणि मग हात धुणार. पेठेतली माणसं त्यांना तोंडावर आप्पा म्हणत आणि पाठीमागं सीआयडी.

हे सगळं दुकानापुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण लेक विद्याश्री लग्नाची झाली, आणि आप्पांच्या या गुणाला अगदी रान मोकळं मिळालं. सोयरीक जुळवताना गुपचूप चौकशी करायची रीत आपल्याकडं आहेच. मुलाच्या गावी न सांगता जायचं, न्हाव्याकडं दाढीला बसायचं, चहाच्या गाड्यावर रेंगाळायचं आणि सहज विचारल्यासारखं त्या घराचं विचारायचं. यात गैर काही नाही. मुलीचा बाप आहे, विचारणारच. पण आप्पा चांगलं ऐकायला जातच नसत. एक स्थळ त्यांनी मुलाचा बाप फार हसतो म्हणून मोडलं. दुसरं मोडलं ते गावात कुणीच वाईट बोललं नाही म्हणून! "समदं गाव चांगलं बोलतंय म्हंजी समद्या गावाला पढवून ठेवलंय," असा त्यांचा निकाल. अशानं, शाळेत शिकवणारी विद्याश्री बघता बघता अठ्ठाविशीला आली.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर सिद्धलिंगचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात शेतजमिनीची मोजणी करणाऱ्या कंपनीत, घर नृसिंहवाडीच्या पुढं नदीकाठच्या मळ्यात. आई नाही, वडील शेती बघतात. तो बघायला आला, दोघं माडीवर तासभर बोलत बसली, आणि खाली आलेल्या विद्याश्रीचं तोंड शिवम्मानं कितीतरी वर्षांनी असं उजळलेलं पाहिलं. त्या रात्री पोरीनं बापाला सरळच सांगितलं, "आप्पा, ह्ये शेवटचं. ह्यात खोट काढलासा तर परत कुना पावण्याम्होरं पव्हं घिऊन यायची न्हाय मी."

आता सोमवारी मुलाचं घर बघायला जायचं होतं. जाण्याआधी सिद्धलिंगनं आप्पांच्या पुढ्यात एक जुना मोबाइल आणि काडेपेटीहून जराशी मोठी काळी डबी ठेवली. डबीवर निळा दिवा लुकलुकत होता.

"मामा, आमचा मळा उसात हाय. पाटी न्हाय, खूण न्हाय, हमखास चुकतायसा. ह्यी डबी उपग्रहावरनं आपली जागा काढती आन फोनला सांगती. फोन बाण दावतो. त्या बाणामागनं यायचं बगा."

"आन आमी कुठं हाय ते तुमाला कळणार."

"न्हाय वो. ह्यात सिमकार्डसुदिक न्हाय. ह्ये बाहेर कुनाला काय सांगत न्हाय."

आप्पांनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कार्ड नाही म्हणतो, मग उपग्रहाला कळतं कसं? उगाच कोण कुणाला हजारो रुपयांची वस्तू हातात देतो काय? सासरा कुठं जातो, कुणाला विचारतो, ते बघायचं असणार लेकाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबीची परीक्षा घेतली. दुकानातल्या जाड पितळी डब्यात ती घातली आणि झाकण घट्ट लावलं. फोनवरचा बाण गेला, जागा सापडत नाही अशी अक्षरं आली. "बघ! तोंड दाबल्यावर कशी गप बसली," ते शिवम्माला म्हणाले. शिवम्मा म्हणाली, "तुमालाबी डब्यात घातल्यावर तुमी काय गाणं म्हणणार हाईसा?" पण आप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. फोनची बटणं दाबता दाबता त्यांना साठवून ठेवलेल्या खुणा सापडल्या होत्या. पहिली फाट्याची, दुसरी घराची. आणि तिसरी होती, तिला नावच नव्हतं. नुसता ठिपका, घरापासून लांब, नदीच्या अंगाला.

झालं. आप्पांची झोप उडाली. नाव असलेल्या जागा दाखवायच्या आणि बिननावाची तशीच ठेवायची, याचा अर्थ काय? तिथं दुसरी बाई ठेवली असेल. किंवा गांजा. उसाच्या मधोमध गांजा लावतात हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. विद्याश्रीला विचारावं असंही एकदा मनात आलं, पण पोरगी त्याच्या बाजूची झालेली, ती काय खरं सांगणार?

शनिवारी "इचलकरंजीला पेंडीचा भाव बघून येतो" म्हणून ते एम-एटी गाडी घेऊन निघाले. या खेपेला न्हावी नाही, चहाचा गाडा नाही. माणसं पढवलेली असतात. ही डबी कुणाची भीड धरणार नाही. जन्मात कशावर विश्वास न ठेवलेल्या माणसानं शेवटी ठेवला तो असा!

बांधावर गाडी लावून, डबी शर्टाच्या खिशात टाकून आप्पा उसात शिरले. पाती गालाला कापत होती, चिखलात पायताण रुतत होतं, पण नजर बाणावरून हलत नव्हती. अंतर कमी कमी होत गेलं. मग ऊस एकदम संपला आणि बाण जागच्या जागी गरगरू लागला.

समोर बाजेहून थोडी मोठी मोकळी जागा होती. चारी बाजूंनी ऊस आणि मधे नांगर न लागलेली, सारवल्यासारखी माती. ना दगड, ना कट्टा. मधोमध हातभर उंचीचं एकच रोप. गांजाच असणार. सापडला! ते पायताणासकट मधे जाऊन उभे राहिले, वाकले आणि पुरावा म्हणून रोप मुळासकट उपटलं. पेंड हुंगायचे तसं नाकाशी नेलं.

वास ओळखीचा होता. तीन-तीन पानं. रोज पूजेला लिंगावर वाहायचा बेल.

मग त्यांनी खाली पाहिलं. आपल्या लिंगायत लोकांत माणूस गेल्यावर जाळत नाहीत, पुरतात. बरेचदा स्वतःच्याच रानात. त्यांच्या वडलांची समाधीही अशीच रानात होती, एवढ्याच जागेत. आप्पा समाधीवर उभे होते.

"पावणं, पायताण काढा."

पाटाच्या बाजूनं एक म्हातारा आला होता, हातात खुरपं. आप्पा गडबडीनं बाजूला झाले, पायताण काढलं. म्हाताऱ्याची नजर त्यांच्या हातातल्या फोनवर गेली.

"ह्यो आमच्या सिद्धूचा फोन. म्हंजी तुमी पोरीचं वडील. मी बसगोंडा, त्येचा बाप."

आप्पांनी रोप धरलेला हात पाठीमागं नेला.

"पाच सालच्या पुरात माझ्या आईची समाधी गाळाखाली गेली. किती हुडकली, घावली न्हाय. म्हणून गेल्या साली सिद्धूची आई गेली तवा पोरानं ह्यी डबी हितं ठिवून जागा धरून ठेवली. औंदा पूर आला, दगड वाहून गेला. ह्या डबीमुळं जागा परत घावली. मग बेल लावला."

त्यानं हात पुढं केला. आप्पांनी रोप दिलं. बसगोंडानं गुडघे टेकून खड्डा नीट केला, रोप परत लावलं. आप्पा माती सारायला वाकले तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, असं आप्पांना वाटलं. ओंजळीनं पाटाचं पाणी आणून रोपाला घातल्यावर तो बोलला.

"चौकशीला आलासा, त्येचं मला काय न्हाय. थोरल्या लेकीच्या येळंला मीबी गेलतो लोकांच्या गावाला. पर मी माणसांस्नी इचारलं. तुमी कुनालाच इचारलं न्हाईसा. सरळ तिच्या छातीवर येऊन हुबा ऱ्हायलासा."

"चुकलं," आप्पा म्हणाले.

बसगोंडा हात धूत होता. "सोमवारी या ठरल्यापरमानं. पोरीच्या आईला आणा. आमच्यात बाईमाणसाशी बोलाय बाईमाणूस ऱ्हायलं न्हाय."

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही आप्पांच्या मनात आलंच, की हा इतकं सहज का सोडतोय? स्वतःचाच विचार ऐकून त्यांना शिसारी आली. एवढी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी विद्याश्रीला पुढ्यात बसवून सगळं सांगितलं. पायताणाचं सांगितलं, बेल उपटल्याचंही सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ती जागा कसली ते मला ठावं हुतं. माडीवर पहिल्याच दिवशी सांगितलं त्येनं. त्येवढंच बोलत बसलो हुतो आमी."

आप्पा उसळले, "मग मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर इस्वास ठेवला असतासा?"

व्हय म्हणायला आप्पांनी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात शिवम्मा येऊन उभी राहिली होती, तीही बघत होती.

"न्हाय," ते म्हणाले. "तरीबी गेलो असतो बघाय."

विद्याश्री उठली. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती, आणि आप्पांना तेच सोसेना. "सोमवारी आईला घिऊन जावा," ती म्हणाली, "आन तितं गेल्यावर कशाचं झाकण उचलून बघू नकासा."