नापास करून घरी येणाऱ्या मॅडम

"समजलं, मॅडम," असं एखादी मुलगी म्हणाली की मॅडम हातातली सिरिंज तिच्यासमोर धरायच्या. "समजलं म्हणू नको. करून दाखव."

आमच्या जिल्ह्यातल्या एका नर्सिंग शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे मलाही ऐकावं लागलं. हजेरी कशी भरायची ते समजलं, असं मी म्हणाले होते. त्यांनी पेन पुढे केलं. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोर नुसती मान डोलावून भागत नाही.

मॅडम अमडापूरच्या, बोलणंही तिकडचंच. बुटक्या, चालण्यात सदा घाई, पदर खांद्यावर घट्ट पिन केलेला. एकदा पुण्याहून तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही वर्गातही असंच बोलता?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. "पेशंट बी असाच बोलते."

त्या वर्षी पिंपळगाव राजाची एक मुलगी आमच्याकडे होती. स्वभावानं गोड, कामाला तत्पर, आणि प्रत्येक गोष्टीला "हो, मॅडम". लहान मुलांच्या वॉर्डात मी तिच्या शेजारी उभी होते. बाळाला अर्धा मिली औषध द्यायचं होतं. तिनं सिरिंजमध्ये पाच मिली भरलं आणि बाळाच्या हाताशी वाकली. मी तिचं मनगट धरलं. बाळाची आई आमच्याकडे पाहून हसत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

शिक्षकांच्या बैठकीत दोन मतं पडली. कोणी म्हणे, अशी मुलगी शाळेतच नको. कोणी म्हणे, गरिबाघरची आहे, सांभाळून घ्या, देऊन टाका मार्क.

"दया करायची असंन तर सोताच्या खिशातून करा," मॅडम म्हणाल्या. "पेशंटच्या जिवावर नको. आन काढायचं म्हणता, तर आधी सांगा, तिले नेमकं काय येत नाही हे कोणी पाह्यलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. मॅडमनी तिला नापास केलं. मुलगी गावी गेली, ती त्या आठवड्यात परत आलीच नाही.

पुढच्याच रविवारी मॅडम मला घेऊन एसटीनं पिंपळगाव राजाला निघाल्या. मुलीच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते पंक्चर काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नापास तुम्हीच केली ना, मॅडम? मंग आता कायले आल्या?"

"हाव, मीच केली. आन घ्याले बी मीच आली."

"तिच्यानं होत नाही ते. आम्ही सोयरीक पाहून राह्यलो."

"सोयरीक कुठं पळून नाही चालली, भाऊ. मले एकदा शिकवू द्या. तरी नाही जमलं, तर मी सोता इथं येऊन सांगन, की तुमचं खरं होतं."

वडिलांनी हातातली ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, आणि मग आत हाक मारली, "आवर वं, मॅडम आल्या."

मुलगी आमच्यासोबत परत आली. रोज दुपारी, वॉर्डातून परतल्यावर, मॅडम आणि ती समोरासमोर बसायच्या. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं,

"तुले समजलं नव्हतं. मंग हो काऊन म्हटलं?"

मुलगी म्हणाली, "गावच्या शाळेत काही विचारलं की सर हसत. मंग सारे हसत."

मॅडमनी दोन ग्लास मागवले. तिच्याकडूनच एकात अर्धा मिली पाणी टाकून घेतलं, दुसऱ्यात पाच. "पाह्य. एका टिंबाचा फरक हाये. ह्या गिलासात औषध. ह्या गिलासात मरण."

ती रडली. मॅडमनी रडू दिलं. मग सिरिंज परत तिच्या हातात दिली. "भर पुन्हा."

सगळं सरळ झालं असं समजू नका. आज जमलेलं उद्या चुकायचं. एकदा मॅडम इतक्या वैतागल्या की उठून व्हरांड्यात गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "माह्यंच सांगणं चुकून राह्यलं." पुन्हा पहिल्यापासून सुरू.

फेरपरीक्षा जवळ आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "परीक्षा तुम्ही घ्या. चूक तुम्ही पकडली होती. मले तिची माया लागली, माह्या हातात मार्क नको. तुम्हाले कीव येत असंन तर तुम्ही बी घेऊ नका."

मी सगळ्या मुलींना दिला तोच ट्रे तिच्यापुढे ठेवला. बाटली सरावातल्यापेक्षा वेगळ्या ताकदीची होती. तिनं लेबल वाचलं आणि थांबली. कपाळावर घाम आला. कागदावर हिशेब केला, औषध भरलं, आणि सिरिंज खाली ठेवली.

"मॅडम, हे बाटली वेगळी हाये. माह्या हिशेबानं इतकंच येते. पण दुसऱ्या सिस्टरनं पाह्यल्याशिवाय मी देणार नाही."

मी पाहिलं. माप अचूक होतं.

बाहेर मॅडम कुंड्यांना पाणी घालत होत्या. एकाच कुंडीत. ती भरून व्हरांडाभर ओघळ गेला होता.

"पास," मी म्हणाले.

"कीव नाही ना केली?"

"नाही."

"मंग ठीक," असं म्हणून त्या कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. अमडापूरच्या घरी पुण्यानुमोदनाला, त्यांना श्रद्धांजली वाहायला आम्ही गेलो, तेव्हा अंगणात त्यांनी शिकवलेल्या मुलींची रांग लागली होती. कितीजणी ड्यूटीवरून तशाच, पांढऱ्या कपड्यांत आलेल्या. पिंपळगाव राजाची ती सिस्टर आलेल्यांना पाणी देत होती.

रांगेत शेवटी हिरव्या साडीतली एक बाई उभी होती. मी ओळखलं नाही, म्हणून विचारलं, "तुम्ही कोणत्या बॅचच्या?"

"कोणत्याच नाही," ती म्हणाली. "मले मॅडमनं दोनदा नापास केलं. मंग घरी येऊन बापाले सांगितलं, पोरगी हुशार हाये, पण हे काम तिचं नाही, तिले मारू-बोलू नका. चिखलीले माह्यं शिलाईचं दुकान हाये आता. पहिली मशीन पाहाले बी त्याच संग आल्या होत्या."

पुढच्या मुलींनी ते ऐकलं. त्या एकेक करून बाजूला झाल्या आणि तिला वाट करून दिली. ती पुढे गेली, फोटोसमोर फुलं ठेवली, आणि हात जोडून उभी राहिली. मागं कोणीच घाई केली नाही.