निजून काढलेला कागद

केदारीमामाच्या हाती पेशंट आला की आधी मामाचं तोंड चालायचं, मग मशीन. "कधी दुखतं? चढताना की जेवल्यावर? डोक्यावर वजन असताना?" देशपांडे नगरातल्या त्या दवाखान्यात हे प्रश्न डॉक्टरांनी आत विचारलेलेच असत. मामा नुसता कार्डिओग्राम काढणारा. त्याने हातापायांना पट्टे बांधावेत, छातीवर रबरी फुगा चिकटवावा आणि कागद काढावा, एवढंच त्याचं काम. लोक वैतागत. पण ही सवय त्याला माझ्या आईमुळे लागली होती.

त्याआधी मामाचा सगळा जीव कागदावर. वॉर्डात झाडलोट करता करता तो मशीन शिकला होता. हृदयातली वीज मनगटात कशी येते, घोट्यातही कशी सापडते, असं विचारून विचारून त्याने डॉक्टरांना भंडावून सोडलं होतं. रविवारी विहारातून परतताना आमच्याही कानाशी तेच चालायचं. रेघेवरची ही छोटी टेकडी म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, हे उंच टोक म्हणजे खालचे. माणूस खोटं बोलेल, कागद बोलणार नाही, अशी त्याची पक्की खात्री होती.

१९८१ साली माझी आई, तानूबाई, तारिहाळला एका कारखान्याच्या बांधकामावर घमेली वाहत होती. वय पंचेचाळीस. फळीवरून वर चढताना तिच्या छातीत आवळून यायचं, डावा हात भरून यायचा. खाली बसली की पाच मिनिटांत बरं वाटायचं. त्या पाच मिनिटांनीच घात केला. "बसलं की बरं होतं, हे कसलं दुखणं?" असं मुकादम म्हणायचा. खोटं कशाला सांगू, "आई, सोंग करू नको," असं मीही एकदा म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होते, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

मामाने तिला कार्डिओग्रामला बोलावलं. आई आधीचे दोन दिवस कामावर गेली नाही, घरात पाणीही भरलं नाही. मशीनपुढं दमलेलं काळीज कसं न्यायचं, हा तिचा सवाल. मग डोक्यावरून आंघोळ करून, विहारात नेसायची पांढरी साडी नेसून ती फोटो काढायला निघाल्यासारखी निघाली. कागद स्वच्छ आला. मामाचा आनंद पोटात मावेना. "अक्का ठणठणीत आहे," असं त्याने गल्लीभर सांगितलं. आई दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि त्यानंतर दुखण्याचं नावच काढेना. मी म्हटलं, बघा, बरी झाली.

पंधरा दिवसांनी मामा घरी आला तेव्हा आई नळाचं पाणी घेऊन पायऱ्या चढत होती. आमच्या पायऱ्या सात. तेवढ्यात ती तीनदा थांबली, आणि प्रत्येक वेळी पदर सारखा करायचं निमित्त केलं. सोमवारी मामाने डॉक्टरांना गाठलं. "कागद चांगला आहे आणि माणूस थांबतोय. यातलं खोटं कोण?"

"दोघंही खरे," डॉक्टर म्हणाले. "पलंगावर निजलेल्या माणसाचा कागद पलंगापुरताच खरा. हिला चढवून बघायला हवं."

त्यासाठी पळत्या पट्ट्याचं मशीन मोठ्या शहरांत आलं होतं म्हणे. इथं होत्या दोन लाकडी पायऱ्या, कोपऱ्यात पडलेल्या. पेशंट त्यांच्यावर चपला ठेवत. मामाने त्या धुऊन पुसून खोलीच्या मधोमध मांडल्या. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, वळून पुन्हा चढायचं. डॉक्टर घड्याळ धरून उभे, मामा फेऱ्या मोजतोय, मी भिंतीशी.

"नोव ऐतेनव्वा?" डॉक्टर मध्ये मध्ये कानडीत विचारत. दुखतंय का, बाई?

"इल्लरी," आई म्हणायची. नाही. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, तरी इल्लरी. पंधराव्या फेरीला डॉक्टरांनीच तिचा हात धरून थांबवलं आणि पलंगावर निजवलं. मामाने भराभर पट्टे बांधले. कागद सरकू लागला. उंच टोकानंतर सरळ जायची ती रेघ प्रत्येक ठोक्याला खाली बसकण मारत होती. ते मलाही दिसलं.

"श्रम पडले की हृदयाला रक्त कमी पडतंय," डॉक्टरांनी सांगितलं. जिभेखाली ठेवायची गोळी दिली. घमेली उचलणं आजपासून बंद.

"मग तो आधीचा कागद?" आईने विचारलं.

"तोही खराच होता, अक्का. चूक माझी. तू निजलेली होतीस, आणि मी तेवढ्यावरच गल्लीभर सांगत सुटलो." मामा डोळे पुसत होता आणि ते लपवतही नव्हता.

मला वाटलं, आता आई घाबरेल, निदान रडेल तरी. ती उठून बसली. तिने पदर नीट केला आणि मामाकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे मी सोंग करत नव्हते, होय ना?"