डगला म्हणायचं!

दोन बोटांनी डगल्याची कॉलर उचलायची, गिऱ्हाईकाच्या नाकासमोर धरायची आणि विचारायचं, "ह्याला काय म्हणतात?" नाव चुकलं की कपडे परत खुंटीला. महाडात नाटकाचे कपडे भाड्याने घेतले असतील, तर तुम्हीही दुकानवाल्या चाचासमोर असे उभे राहिला असाल.

मी म्हणालो, "गाऊन."

"गाऊन तुझी आय घालते. ह्यो डगला हाय, डगला! राजा ह्याच्यात मरतो, वजीर ह्याच्यात फितूर होतो."

हे नाव आलं कुठून? ते गिऱ्हाईकावर अवलंबून. कापडे गावच्या नाटकवाल्यांना चाचा सांगायचा, गडावरच्या दरबारातून. दासगावच्या, गल्फवरून आलेल्या नवरदेवाला सांगायचा, अरबस्तानातून, गलबतात बसून. मी विचारलं तर म्हणाला, "तुला कशाला? तुझ्या अंगावर तो गोधडी दिसतो."

मी मिमिक्री करतो. म्हणजे एक पुढारी, एक कंडक्टर आणि एक कोंबडा. तिघांचा आवाज सारखाच येतो. पोलादपूरच्या गणपतीत तिघेही पडले. पब्लिक उठायला लागलं, तसा घाबरून मी अंगातल्याच, भाड्याने आणलेल्या डगल्याची कॉलर उचलली आणि चाचाचा आवाज काढला. गलबतापर्यंत पोचलो तर हशाच हशा! बघतो तर चाचा पहिल्या रांगेत. माझ्या हाती डगला सोडवेना, म्हणून मागोमाग आलेला.

तो उठला. म्हटलं, आता इथेच अंगावरून उतरवतो.

"ए, गलबत म्हणताना दम घे जरा! पुन्हा बोल!"

मी पुन्हा बोललो.

"नाय जमलं. परत!"

पब्लिक लोळलं. टाळ्या सगळ्या त्याला.

मग तो प्रत्येक कार्यक्रमाला यायला लागला. लोकांना वाटायचं, आमचं ठरलेलं आहे. ठरलेलं काही नव्हतं. मला खरंच एकदा त्याच्या तोंडून "जमलं" ऐकायचं होतं. परतताना तो आमच्याकडे चहा प्यायचा आणि आईला सांगायचा, "तुझा पोरगा कोंबडा बरा करतो गो."

गेल्या पावसात चाचा गेला. "जमलं" राहून गेलं. दुकानात आता त्याचा मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो. डगला त्याने मलाच देऊन टाकला.

परवा सकाळी तो दाराशी खिळ्याला अडकवला आणि बसल्या बसल्या, सहजच, चाचाच्या आवाजात म्हणालो, "बाय, चाय टाक गो."

"टाकते चाचा, बसा," आई आतून म्हणाली.

मग आत भांडी वाजायची थांबली.