दाजींचे वाळवंटी साहेब

दाजी गेल्या माघात वारले, सोमवारी सकाळी, गोठ्यात.

पाथर्डीच्या बाजूला वाळवंटांची एवढी माहिती असलेला दुसरा शेतकरी झाला नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान नगरच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. पण शंभर वर्षांपूर्वी उंटांवरून वाळवंटं पालथी घालणारे गोरे प्रवासी त्यांना भावकीतल्यासारखे परिचयाचे होते. नगरच्या रद्दीवाल्याकडून त्यांची जाडजूड प्रवासवर्णनं आणायची, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची, आणि मग लग्न कुणाचंही असो, पंगतीत सांगायचं, की अमक्या साहेबाच्या पखाली कशा फुटल्या, तमका जीभ सुजून कसा पडला. ऐकणारे वाढप्याला हाका मारून पाणी मागत. बाजाराला दाजी पहाटे चारला निघत, कारण तांडे उन्हाआधी निघतात. एसटी मात्र आठची असे. प्रत्येक प्रवाशाचा निकाल त्यांनी लावून ठेवला होता. म्हणत, "ज्यानं वाटाड्याचं ऐकलं, तो घरी आला. ज्यानं नकाशाचं ऐकलं, त्याच्यावर लोकांनी पुस्तक लिवलं."

बाहत्तरच्या दुष्काळात त्यांची विहीर आटली. नव्या विहिरीला पाणी लागलं नाही, तर बैल विकून दोघांनी कोपरगावला माझ्याकडे यायचं ठरलं. दाजींनी चार दिवस खपून शेताचा नकाशा काढला, उतार मोजले आणि वरच्या अंगाला फुली मारली.

"खाली बांधाकडं खणा," ताई म्हणाली. "तिथली हरळी चैत्रातबी वाळत न्हाई. इतकी वर्सं गवत मीच कापते."

दाजींनी तिच्यापुढे नकाशा धरला.

तीस फुटांवर कातळ लागला. त्या संध्याकाळी बैलांचं गिऱ्हाईक येऊन दात पाहून गेलं. मी तिथेच होतो. ताईने भाकरी वाढत विचारलं, "तुमच्या सायबांनी काय केलं असतं आता?"

"मेले असते."

"मग वाटाड्या घरात हाय, त्याला इचारा की."

दाजींनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "सकाळी दाखव."

बांधाखाली अठरा फुटांवर ओल आली, विसावर पाणी. गिऱ्हाईक चहा पिऊन परत गेलं.

दाजींच्या पश्चात पुस्तकं आवरताना मला तो नकाशा सापडला. वरची फुली खोडलेली होती. बांधापाशी, साहेब लोक आपल्या शोधांना नावं देत तसं, शाईने लिहिलं होतं : 'सरूबाईची विहीर'. उभ्या जन्मात त्यांनी ताईचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

ताई तिथेच राहते. विहिरीला वैशाखापर्यंत पाणी असतं.