राखून ठेवलेला धबधबा

ड्रायव्हरच्या बसचा शेवटचा थांबा म्हणजे धबधबा. दिवसाला सहा फेऱ्या. उतारू तिथे उतरायचे, झाडीतल्या पायऱ्या चढून वर जायचे आणि पुढच्या फेरीला भिजून, हसत परत यायचे. खालून काही दिसत नसे. ड्रायव्हर बसपाशी उभा राहून थर्मासमधला चहा प्यायचा, चाकांवरून एक नजर फिरवायचा आणि बारा मिनिटं झाली की बस वळवायचा. या देशात आल्याला सात वर्षं झाली, पण पठ्ठ्या एकदाही वर गेला नव्हता.

पाय दुखत होते म्हणून नव्हे. धबधबा त्याने आईसाठी राखून ठेवला होता.

त्यांच्या घरची रीतच तशी. मिठाईचा पुडा आला, तर घरातला शेवटचा माणूस परतेपर्यंत त्याची दोरी सुटायची नाही. ही शिस्त आईनेच लावलेली. तेव्हा परदेशात नोकरी लागल्यावर ड्रायव्हरने विमानतळावर आईला सांगून टाकलं, "तिथली सगळ्यात भारी जागा तुझ्याबरोबर बघणार. तोवर आम्ही तिकडे फिरकणार नाही." आईने डोळे पुसत मान हलवली. बोलणारा बोलून गेला आणि त्यात कायमचा अडकला. कारण सगळ्यात भारी जागा म्हणजे धबधबा, असं इथे आल्यावर जो तो सांगायचा.

बाकी गावात बघायचं त्यांनी काही सोडलं नाही. सुट्टी रविवारची. बायको डबा भरायची, लेक ठमी पाण्याच्या बाटल्या घ्यायची, आणि तिघं निघायची. कधी संग्रहालय, कधी जुना पूल, कधी बोटींचा धक्का. गेल्या वर्षी तर बघायला काही उरलं नाही म्हणून ड्रायव्हरने दोघींना नेऊन पाणी शुद्ध करायचा कारखाना दाखवला. बायको तिथल्या टाक्यांकडे बघत म्हणाली, "पुढच्या रविवारी काय, तुमचा डेपो?"

संध्याकाळी आईला फोन. आई गावी ताईकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या थोरल्या बहिणीकडे राहायची. तिला संग्रहालयात काय मांडलंय याच्याशी फारसं कर्तव्य नसे. बसायला बाक होते का, पिण्याच्या पाण्याची सोय होती का, ठमीला किती चालवलं, असल्या तिच्या चौकशा. सगळं विचारून झालं की म्हणायची, "चला, माझंही बघून झालं." आणि शेजारणीला गाठून तो पूल असा काही रंगवून सांगायची, की जणू रोज त्यावरून भाजी आणायला जाते.

तिला बोलावून घ्यायचे अर्ज दोनदा परत आले. तिसरा मंजूर झाला, तेव्हा तिचे गुडघे गेले होते. मग दम लागायला लागला. "पुढच्या वर्षी," ड्रायव्हर म्हणायचा. आई "बरं" म्हणायची.

एका रविवारी जेवताना बायको शेवटी बोललीच. "अहो, आई आता येत नाहीत. तुम्हाला कळतंय, मला कळतंय, ठमीलाही कळतंय. जाऊन येऊ या ना वर."

तो ताटावरून उठला. रागाने नव्हे, भीतीने. एकदा वर गेलं की आई येणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, ही ती भीती. पण हे बायकोला सांगायचं कसं? त्याने हात धुतले आणि फोन लावला.

त्या दिवशी आईनेच विषय काढला. "अरे, तो धबधबा बघून ये की एकदा."

"तू ये, मग बघू."

"मी काय आता... मला नुसतं सांग तरी कसा आहे ते."

"सांगून टाकलं तर तू येशील कशाला?"

आई हसली. हसताना तिला धाप लागली. "लबाड आहेस," म्हणाली आणि तिने फोन ताईकडे दिला.

त्यानंतरच्या बुधवारी, दुपारच्या फेरीला, शेवटच्या थांब्यावर त्याने फोन उघडला, तर ताईचे पाच कॉल येऊन गेलेले. त्याने लावला. ताई म्हणाली, "गेली रे आई. सकाळी चहा घेतला आणि पडून राहिली ती राहिलीच. तू पोचेपर्यंत ठेवता येणार नाही. येण्यासाठी धडपडू नकोस."

बसमध्ये माणसं येऊन बसली होती. बारा मिनिटं झाली होती. तो चढला, दार लावलं आणि बस वळवली. सगळ्या थांब्यांवर थांबला, एका म्हाताऱ्याची पिशवीही उचलून दिली. डेपोत बस लावल्यावर मात्र त्याला सीटवरून उठता येईना. मेकॅनिकने धरून खाली उतरवलं.

तेराव्या दिवसानंतर ताईने पुन्हा फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "एक सांगू? आई शेवटी शेवटी रोज विचारायची, तो धबधब्याला गेला का गं? मी म्हणायचे, गेला असेल. तर म्हणायची, छे, गेला असता तर मला सांगितल्याशिवाय राहिला नसता." ताई थांबली. "फार जीव लागला होता रे तिचा तिकडे."

ड्रायव्हरने फोन ठेवला. बायकोला म्हणाला, "रविवारी वर जाऊ."

ते गेले. त्याच्याच बसने, पण बस दुसरा कुणी चालवत होता. पायऱ्या त्याला वाटल्या होत्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या. मध्ये टेकायला दोन ठिकाणी बाक होते, पाण्याचा नळ होता. वर गेल्यावर झाडी संपली आणि धबधबा समोर आला.

दोन मजली घराएवढा असेल. पाणी काळ्या खडकावरून सरळ पडत होतं, खाली डोह होता, लाकडी कठडा होता. चांगला होता, नाही असं नाही. ठमी कठड्यावरून वाकून हात भिजवत होती.

"एवढाच आहे होय?" बायको हळूच म्हणाली.

ड्रायव्हर कठडा धरून उभा होता. त्याचे खांदे हलायला लागले, तशी ती जवळ गेली.

"सात वर्षं," तो म्हणाला. "अगं, दोन मिनिटांत सांगून झालं असतं."